हेल्मेटातली लाईन

खिल्लारे साहेबांनी पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यावरचा हेडसेट काढून घेतला. मी वसमतच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. परभणीचा ट्रंक कॉल चालू होता, आणि हे नवीन आलेले ज्युनिअर इंजिनिअर नाव-गाव न सांगता मागून आले, हेडसेट उचलला आणि माइकची दांडी खाली-वर करून बघू लागले. मी म्हटलं, "साहेब, लाईनवर माणूस आहे." ते म्हणाले, "असू द्या. हिचा स्क्रू ढिला हाय. तुमचा आवाज लांबून येत असंल." स्क्रू आवळून त्यांनी हेडसेट माझ्या डोक्यावर परत ठेवला, तोही उलटा, आणि निघून गेले. परभणीचा माणूस म्हणाला, "बाई, आता कुठं नीट ऐकू येऊन राहिलं." पण मला राग आला होता तो आला होताच.

गौतम खिल्लारे हे त्यांचं नाव. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. चहा बशीत ओतला तरी तो निवेपर्यंत दम धरवायचा नाही. बशी तशीच ठेवून मागच्या खोलीत बॅटऱ्या बघायला जायचे आणि येईपर्यंत चहात माशी पडलेली असायची. त्यांच्याबरोबर काम करणं म्हणजे सतत कुणीतरी आपल्या खांद्यावरून वाकून बघतंय असं वाटणं. मी त्यांच्यावर किती वेळा चिडले त्याला हिशेब नाही. ते मात्र एकदाही चिडले नाहीत, कारण मी चिडलेय हे लक्षात यायच्या आत ते दुसरीकडे गेलेले असायचे.

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं, "लाईन मुकी झाली का समजा मेली." आमच्या भागात समोरचा बोलत असला की आपण मध्ये मध्ये "हां, व्हय, बराबर" असं म्हणत राहायचं असतं. नाही म्हटलं तर बोलणाऱ्याला वाटतं, आपण भिंतीशी बोलतोय. साहेबांना तर दोन वाक्यांत "हां" आला नाही की लगेच "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" सुरू. फोनवरच नव्हे, समोरासमोरही. मी रजिस्टर लिहिता लिहिता गप्प राहिले तरी टेबलावर टेस्टर वाजवून विचारायचे, "बाई, ऐकू येतंय का?"

पुढे हाताने जोडायचा बोर्ड बंद झाला आणि सगळं आपोआप लागू लागलं. माझ्याकडे तक्रारी लिहून घेण्यापलीकडे काम उरलं नाही. जुने हेडसेट भंगारात निघाले. ते साहेबांनी लिलावात रीतसर घेतले, आणि मी कशाला म्हणून विचारलं तेव्हा म्हणाले, "मिलिंदच्या डोक्यात घालायचे हायती."

मिलिंद हा त्यांचा धाकटा भाऊ. आई-वडील लवकर गेले, आणि साहेबांनीच त्याला वाढवलं. तो आमच्याकडच्या गोरेगाव ते सेनगाव रस्त्यावर प्रवासी जीप चालवायचा. जीप दुसऱ्याची. मालकाने ती विकायला काढली होती, आणि मिलिंदचं नुकतंच लग्न झालं होतं. अशात त्याच्या जीपमधल्या एका पाहुण्याने सांगितलं की पुण्याकडे एका मोटारकंपनीला गाड्या तपासणारे ड्रायव्हर हवेत. कंपनीचा स्वतःचा ट्रॅक आहे, त्यावर दिवसभर नव्या गाड्या पळवायच्या, पगार कायमचा. चाचणीच्या वेळी गाडीत एकट्यानेच बसायचं, डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटात कानाला स्पीकर आणि तोंडाशी माइक. ट्रॅकच्या कडेला केबिनमध्ये बसलेला साहेब सांगेल तसं गाडी चालवायची. मिलिंद कसल्याही रस्त्यावर जीप काढायचा, पण कानात कुणी बोलतंय आणि आपण चालवतोय, हे त्याने कधी केलं नव्हतं. त्याच्या जीपमध्ये थांबायचं असलं की लोक पत्र्यावर थापटी मारायचे.

साहेबांनी दोन हेल्मेटं आणली आणि एक्स्चेंजच्या मागच्या खोलीत कामाला लागले. हेल्मेटाच्या आतला फोम कानाच्या जागी कापून त्यात हेडसेटचा स्पीकर बसवला. एकदा तो कानाच्या भोकापासून बोटभर मागे बसला, तर मिलिंद म्हणाला, "दादा, तुमी मानेत बोलून राहिले." माइकवर इंजिनचा घरघराट येत होता, म्हणून गादीतला स्पंज कापून माइकला टोपडं शिवलं. ते मीच शिवलं, कारण साहेबांनी सुईत दोरा ओवायला घेतला असता तर सकाळ तिथेच गेली असती. सगळ्यात मोठी तकलीफ शिट्टीची झाली. दोन्ही माइक एकदम चालू ठेवले की कानात अशी शिट्टी वाजायची की मिलिंद हेल्मेट काढून फेकायचा. मग साहेबांनी एक डबी बनवली. एक जण बोलला की दुसऱ्याचा आवाज आपोआप बंद. शिट्टी थांबली. जीपच्या बॅटरीवरून डबीला वीज आणि डबीतून दोन्ही हेल्मेटांना तार, अशी ती व्यवस्था होती.

रविवारी आम्ही साखर कारखान्याजवळच्या पटांगणात जायचो. हंगामात तिथे उसाच्या बैलगाड्या उभ्या राहायच्या, एरवी ते मोकळं असायचं. हळदीच्या रिकाम्या पोत्यांत भुसा भरून साहेबांनी वळणं आखली होती. पोत्याला धक्का लागला की पिवळा धुरळा उडायचा, म्हणजे चूक लपायची सोय नव्हती. मिलिंद चालवायचा, शेजारी साहेब हेल्मेट घालून बसायचे, आणि मागच्या सीटवर तिसरा हेडसेट लावून मी. साहेब म्हणाले होते, "बाई, आयुष्यभर लाईन तपासली तुमी. कुठं तुटती ते तुमालाच कळंल." माझ्या नवऱ्याने सुरुवातीला विचारलं, रविवारीसुद्धा ऑफिस का. मग एकदा स्वतः येऊन बसला, आणि जीपमधून उतरल्यावर उलटी करून गेला. पुन्हा त्याने विचारलं नाही.

लाईन कुठे तुटते ते मला पहिल्याच रविवारी कळलं. साहेब म्हणायचे, "डावीकडं घे," आणि मिलिंद म्हणायचा, "व्हय दादा." नेमक्या त्याच वेळी साहेब पुढचं बोलत असायचे, "आन ब्रेक मार." पण मिलिंदच्या "व्हय दादा"मुळे डबीने त्यांचा आवाज तोडलेला असायचा, आणि इंजिनच्या घरघराटात हेल्मेटाबाहेरून काही ऐकू यायचं नाही. ब्रेक लागायचा नाही आणि पिवळा धुरळा उडायचा. मी मागून सांगितलं, "साहेब, हा उत्तर देतोय म्हणून तुमचं तुटतंय." साहेब मिलिंदला म्हणाले, "मधी बोलायचं न्हाई. मी सांगीन, तू करायचं. तोंड बंद."

मोठ्या भावाने सांगितलं आणि धाकट्याने व्हय म्हटलं नाही, हे मिलिंदच्या अंगात नव्हतं. दात आवळून बसला तरी नाकातून "हं" निघायचा, आणि डबीला तेवढाही पुरायचा. पण त्याच्याहून अवघड साहेबांचं होतं. पोरगं गप्प राहिलं की यांना लाईन मेली असं वाटायचं. मग सवयीने तोंडातून निघायचंच, "ऐकू येतंय का?" मिलिंद बिचारा म्हणायचा, "व्हय दादा," पुढची आज्ञा तुटायची, पोतं आडवं व्हायचं, आणि साहेब त्याच्यावरच ओरडायचे, "मी इचारलं तरी बोलायचं न्हाई, समजलं का?" यावर तो "समजलं दादा" म्हणायचा आणि पुन्हा शिव्या खायचा. मी मागे तोंडाला पदर लावून हसायचे.

पावसाळा सरेपर्यंत मिलिंद तयार झाला. कानात कुणीही काहीही विचारो, तो गप्प राहून गाडी चालवायचा, आणि सगळी पोती जागच्या जागी उभी राहायची. त्या रविवारी साहेबांनी पटांगणातच आम्हाला गुळाची गोडी शेव वाटली.

तो चाचणीला गेला आणि नापास होऊन आला. एक्स्चेंजच्या व्हरांड्यात मिलिंद खाली मान घालून बसला होता, आणि साहेब त्याच्यासमोर येरझारा घालत विचारत होते, "झालं काय पण?"

"तिथले साहेब बोलले, दुसऱ्या गिअरला घे. घेतला. बोलले, उजव्या पट्टीत जा. गेलो. मग बोलले, ऐकू येतंय का."

"मग?"

"मी गप."

"काहून गप?"

"तुमीच म्हणले व्हते, इचारलं तरी बोलायचं न्हाई."

कंपनीच्या हेल्मेटात दोघांनाही एकाच वेळी बोलता येत होतं. तिथला अधिकारी उत्तराची वाट बघत राहिला. त्याने दोनदा-तीनदा विचारलं. मग ड्रायव्हरला ऐकू येत नाही असं धरून लाल झेंडा दाखवला, गाडी थांबवली आणि दुसऱ्या माणसाला बोलावलं. मिलिंद हेल्मेट ठेवून खाली उतरला आणि काही न बोलता बाहेर आला.

साहेबांचा चेहरा त्या दिवशी मला बघवेना. ते त्याच रात्रीच्या एसटीने पुण्याकडे गेले. कंपनीच्या फाटकाशी थांबले, त्या अधिकाऱ्याला गाठलं आणि सांगितलं की चूक पोराची नाही, शिकवणाऱ्याची आहे. तो माणूस चांगला होता. पुढच्या चाचणीला पुन्हा पाठवा म्हणाला.

आता काय शिकवायचं, याने साहेबांना घेरलं. "व्हय म्हणू दे" म्हणून सांगायचे, थोड्या वेळाने "नको, हेल्मेट बदललं असलं तर?" असं स्वतःशीच भांडायचे. डबी उघडायचे, पुन्हा बंद करायचे. जायच्या आदल्या दिवशी मिलिंद माझ्यासमोरच म्हणाला, "दादा, एकच सांगा. बोलू का गप राहू?"

साहेबांनी हातातली डबी बंद करून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "मला माहीत न्हाई." त्यांच्या तोंडून हे शब्द मी कधीच ऐकले नव्हते. "तिथल्या साहेबालाच इचार. गाडी चालू करायच्या आधी."

"त्यांना राग आला तर?"

"येऊ दे. पण इचार."

चाचणीच्या दिवशी दुपारी एसटीडी बूथवरून मिलिंदचा फोन आला. साहेबांनी ऐकलं, फोन ठेवला आणि माझ्याकडे वळले. मिलिंद पास झाला होता. गाडीत बसताना त्याने विचारलं होतं, "साहेब, उत्तर देऊ का गप राहू?" अधिकारी म्हणाला होता, "उत्तर दे की." एवढंच.

मी पेढे मागवायला उठले तर साहेब टेबलाला धरून उभे होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते.

"बाई, आमचा बाप सालगडी व्हता. मालकानं सांगितलं का जी म्हणायचं आन करायचं. एकदा मालकानं बैल जुंपायला लावला. बैल आजारी व्हता, बापाला दिसत व्हतं. पण बापानं इचारलं न्हाई, जुंपला. बैल वावरात पडला, आन मार बापाला बसला. त्याच्या पायाशी बसून मी लहानपणी ठरवलं व्हतं, आपण शिकायचं, साहेब व्हायचं. झालो बी. आन ह्या पोराला काय शिकवलं? मी सांगीन, तू करायचं, तोंड बंद. मालकच झालो की मी त्याचा."

मी म्हटलं, "साहेब, शेवटी विचार म्हणूनही तुम्हीच सांगितलं ना." त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं असं मला वाटलं नाही.

मिलिंद पुण्याकडे गेला, वर्षभरात साहेबांची बदली झाली, आणि आमच्या भेटी लग्नाकार्यापुरत्या उरल्या. साहेब वारले तेव्हा मी मिलिंदला भेटायला त्यांच्या गावी, गोरेगावला गेले. तो आता ट्रॅकवर नव्या ड्रायव्हरांना शिकवतो. आम्ही अंगणात बसलो होतो. मी त्याला विचारलं, शेवटी शेवटी साहेब कसे होते.

तो म्हणाला, "बाई, बायपास करायला डॉक्टर कवाचे सांगत व्हते, पण दादा कुणाचं ऐकायचे न्हाईत. एक दिवस मला फोन केला. म्हणले, मिलिंद, ऑपरेशन करू का नको, तूच सांग. काय करू, असं त्यांनी आयुष्यात मला कवाच इचारलं न्हवतं. मला फोनवर रडूच आलं. मी म्हणलं, करा. त्यांनी केलं, आन त्याच्यानंतर चार वर्षं जगले. त्या चार वर्षांत रोज फोन करायचे, बाई. रोज काही ना काही इचारायचे."