खोक्यांमधल्या पट्ट्या

आई गेल्यावर बाबा मोकळेपणाने बोलायचे ते फक्त कासवांशी. भिवपुरीच्या क्वार्टरच्या पडवीत त्यांनी आंब्याच्या पेट्यांच्या फळ्यांची तीन खोकी करून एकावर एक रचली होती. वरच्या खोक्याचा तळ हेच खालच्याचं झाकण, आणि मध्ये हवेला फट राहावी म्हणून दोन पट्ट्या. सगळ्यात खाली आईने खाचरातून आणलेलं कासव असे.

मला बघायला पाहुणे येणार होते.

"बाबा, आज तरी ही चाळ हलवा ना."

"राहू दे गं. ती काय पोहे मागणार हायत?"

बाबा पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले. मला लाज वाटत होती. मी पट्ट्या काढून खोकी घट्ट बसवली आणि वरून टेबलक्लॉथ घातला. दुपारभर पडवीत ऊन होतं. पाहुणे गेल्यावर पट्ट्या घाईने परत लावल्या. आत बघितलं नाही.

संध्याकाळी आईचं कासव मेलेलं निघालं.

"माज्याच पट्ट्या बारीक पडल्या गं," बाबा म्हणाले. उरलेली दोन त्यांनी ओढ्यात सोडली, खोकी मोडून टाकली.

पुढच्याच महिन्यात मी सासरी गेले. त्या घरात बाबांना बोलायला कोणीच उरलं नाही. आणि पट्ट्या मी काढल्या होत्या, हे ते असेपर्यंत माझ्या तोंडून निघालं नाही.