अण्णा आणि पानाची खालची बाजू

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मांडीवर नासक्या ताकाचा कॅन होता. टोमॅटोवर फवारायला म्हणून बेळ्ळंदूरच्या डेअरीवाल्याकडून अण्णानेच आणायला सांगितलेला. ऑटो ट्रॅफिकमध्ये तुंबलेला, झाकण सैल, साडीवर ओघळ, आणि वास असा की ऑटोवाल्यानेही नाकाला रुमाल लावला. मी अण्णाला मनातल्या मनात शिव्या घालत होते, आणि पलीकडून आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी रश्मी सांगत होत्या, "मावशी, तुमचे ब्रदर टेरेसवर कोलॅप्स झाले... डॉक्टर येऊन गेले, पण..." आता त्याला दोन महिने होतील. ती साडी मी टाकून दिली, पण तो वास अजून नाकातून जात नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. आम्ही मूळचे निपाणीकडचे. यशवंतपूरच्या एका कारखान्यात त्याने जन्मभर तयार झालेले सुटे भाग तपासले. बारीकशी चीर दिसली की 'रिजेक्ट' म्हणून बाजूला. वहिनी आधीच गेलेली, मूलबाळ नाही, म्हणून रिटायर झाल्यावर सर्जापूर रोडला माझ्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायला आला, आणि गच्चीवर टोमॅटोच्या कुंड्या मांडून बसला. तिथेही नोकरी तीच. रोज सकाळी एकेक पान उलटं करून बघायचं. "वरनं सगळी गोरीगोमटीच असतात, माले. रोग खालच्या अंगाला असतोय," मला म्हणायचा. पान चिकट लागलं की मावा, रस पिणारे बारीक किडे. पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा म्हणजे आत नागअळी. फळाचं बूड काळं पडलं तर तो रोगच नाही, पाणी कधी धो धो आणि कधी ठणठणाट, त्याची ती शिक्षा. हे सगळं तो शिकवायचा आणि मी नाकाला पदर लावून शिकायचे, कारण पुढचं बघवत नसे. मावा तो बोटांनीच चिरडायचा... पोखरलेल्या टोमॅटोतली लठ्ठ हिरवी अळी नखाने ओढून काढायचा आणि "बघ कशी पोसलीय!" म्हणत माझ्या तोंडासमोर धरायचा. शी! पिवळ्या पत्र्याला एरंडेल फासून माशा पकडायचा, आणि माशांनी बरबटलेला तो पत्रा लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी लटकायचा.

आणि ते हात! टोमॅटोच्या झाडात हात घातला की हिरवट-काळा थर बसतो, साबणाचा फेससुद्धा पिवळा निघतो. तसल्या हातांनी हा चार वाजता माझ्याकडे येऊन चहाचा कप उचलायचा. "अण्णा, आधी हात धू!" "झाडाचाच रंग हाय की, विटाळ हाय व्हय?" रोजचं भांडण. त्याचा कप मी वेगळा ठेवला होता, तो वेगळ्या घासणीने घासायचे.

एकदा फळांनी लगडलेलं झाड त्याने मुळासकट उपटलं. शेंड्याची पानं वाटीसारखी वळलेली, कडा पिवळ्या, वाढ खुंटलेली. झाड हलवलं तर पीठ उडावं तशा पांढऱ्या माशा उडाल्या. मी कळवळून म्हटलं, "अरे, एवढी फळं धरलीत, राहू दे की."

"चुरडामुरडा हाय हा. ह्याला औषध नाही. ह्याला ठेवलं तर ह्या माशा हा रोग उद्या शेजारच्या झाडांना लावतील. दया करायची तर त्यांच्यावर कर. रिजेक्ट!" झाड पिशवीत कोंबून त्याने तोंड बांधलं. त्या दिवशी चहाला मात्र आला नाही.

पण खरी शिसारी मला आली ती तो गेल्यावर. जिवंतपणी ह्याच्या ताकाच्या वासावरून ग्रुपवर 'हायजीन इश्यू' म्हणून ठणाणा करणाऱ्या, कुंड्या हटवा म्हणून नोटीस लावणाऱ्या सोसायटीच्या ह्याच लोकांनी त्याच्या सगळ्यात मोठ्या कुंडीला त्याचा फोटो चिकटवला, प्लास्टिकचा हार घातला आणि नाव दिलं 'अण्णा कॉर्नर'. आणि तिथे उभं राहून सेल्फी, त्याच ग्रुपवर! वरून कीर्तन, आतून तमाशा. त्याच्या बाकीच्या कुंड्या वाळून गेल्या, फोटोत येते म्हणून तेवढीलाच पाणी.

मला गच्चीवर जायचा धीरच होत नव्हता. गेल्या आठवड्यात गेले. अण्णाच्या फोटोमागच्या झाडाचा शेंडा वाटीसारखा वळलेला होता, कडा पिवळ्या. पान उलटं केलं. झाड हलवलं... पांढऱ्या माशा भसकन उडाल्या आणि त्याच्या फोटोवर जाऊन बसल्या. शेजारी तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या कुंड्या, त्यात अण्णानेच दिलेल्या बियांची रोपं, अजून तजेलदार.

मी बुंध्याला हात घातला तशा रश्मी धावत आल्या. "मावशी, प्लीज! लास्ट निशाणी आहे ती त्यांची. मी स्प्रे ऑर्डर करते ना."

"ह्याला औषध नाही."

"अहो, पण लोकांचं सेंटिमेंट..."

"लोकांचं तुमच्याकडे ठेवा. भाऊ माझा होता."

खोटं कशाला बोलू, मलाही ते झाड हवंच होतं. त्याच्या हातचं तेवढंच एक उरलं होतं. डोळे मिटून उपटलं. त्याच्यासारखंच पिशवीत कोंबून तोंड बांधलं. रिजेक्ट. हार काढून टाकला, फोटो पुसून घरी आणला.

चार वाजले होते. चहा टाकला, आणि सवयीने त्याचाही कप काढला गेला. हात कोपरापर्यंत हिरवट-काळे, उग्र वास येत होता. बेसिनपाशी गेले, नळावर हात ठेवला... आणि तशीच परत फिरले. त्याच्याच कपात चहा ओतला आणि प्यायले. कपाच्या कानाला माझ्या बोटांचा हिरवा डाग लागलाय. तो मी अजून घासलेला नाही.