सरूआत्या आणि न कापलेली नाळ

भर लेबर रूममध्ये सरूआत्यांनी मला दगड म्हटलं होतं.

आज सकाळी त्या गेल्या.

भूम शहराच्या पलीकडं त्यांचं गाव. नवरा आणि मुलगा मेंढरं घेऊन फिरतीवर. घरी त्या आणि सून राणी. दोघी एका ताटात जेवायच्या. आमच्या नात्यात असं दुसरं घर मला माहीत नाही.

राणीला आई नाही. म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच, आणि डिलिव्हरी आमच्या आरोग्य केंद्रात. मी तिथं स्टाफ नर्स.

राणीचं हिमोग्लोबिन कमी होतं. आत्यांच्या मनात तेवढंच बसलं होतं.

बाळ झालं, छान रडलं. मी ते पुसून राणीच्या पोटावर ठेवलं आणि वरून कोरडं कापड घातलं. नाळ तशीच ठेवली.

"काप की गं," राणीच्या उशाशी उभ्या आत्या म्हणाल्या.

थोडं थांबायचं असतं, म्हटलं.

"पोरीच्या अंगात आधीच रगत न्हाय. हाय ते बी लेकरू वढून घेतंय. दगड हायस का तू?"

नातू की नात, हे त्यांनी अजून विचारलंही नव्हतं.

मी सांगितलं, नाळेतलं रक्त राणीचं नाही, बाळाचंच आहे. थांबलं तर ते बाळाकडं जातं, त्यातलं लोह त्याला पुढं कित्येक महिने पुरतं. राणीचा रक्तस्राव त्यानं वाढत नाही.

पटलं नाही. त्या राणीच्या तोंडाकडंच बघत होत्या.

मग मी त्यांच्या हातात ग्लोव्ह घातला आणि त्यांचं बोट नाळेवर ठेवलं.

"व्हय की. उडतंय."

ठोके थांबेपर्यंत बोट तिथंच.

"थांबलं. आता काप."

जणू ड्युटी त्यांचीच.

मग राणीच्या कपाळावरून हात फिरवून म्हणाल्या, "तुजं काय बी गेलं न्हाय, बाई. लेकीचं लेकीला मिळालं."

पुढं गावात कुणाचे दिवस भरत आले की नाळ लगेच कापू देऊ नका, हे सांगायला आत्या हजर. एकदा फोनवर माझ्यावरच चिडल्या. कुठल्याशा दवाखान्यात नाळ लगेच कापली म्हणे. बाळ रडलं होतं का, मी विचारलं. नव्हतं. मग त्यांनी बरोबर केलं, म्हटलं, आधी श्वास.

"तसं आधी सांगायचं की," म्हणून फोन ठेवला.

आज राणीनं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. शेवटची अंघोळ तिनं एकटीनं घातली, केस विंचरले, पदर नीट केला.

आत्या, राणीकडं मी बघते.

निवांत जा.