रुमालाखालचे सात गुण

आमच्या भाषणाच्या मास्तरांनी मला तीन गुणांना फसवलं. साऱ्या नंदुरबारात त्यांच्याइतका सचोटीचा माणूस झाला नाही असं लोक अजून म्हणतात, आणि माझा राग आहे तो त्यावरच. लबाडाने फसवलं असतं तर दुसऱ्याच दिवशी गाठून मी वसूल केलं असतं. मी घोड्यांचा दलाल. बाप दुसऱ्यांची जनावरं वळायचा, मी स्वतःच्या हिमतीवर सारंगखेड्याच्या यात्रेत नाव कमावलं. पण आमचा धंदा मुक्याचा. हातांवर रुमाल टाकायचा, त्याखाली एकमेकांची बोटं दाबायची, भाव ठरतो आणि शेजारच्याला पत्ता लागत नाही. त्यामुळे चार माणसांत उभं राहून बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. सासऱ्यांना हे ठाऊक होतं. भर पंगतीत ते म्हणायचे, "मन्हा जवाई घोडासंगे बोलस, माणूससंगे नही." त्यांचं तोंड बंद करायचं म्हणून मी मास्तरांच्या कॉलेजात गेलो.

कॉलेज म्हणजे कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगची शेड. मास्तर पूर्वी गुजरातेतल्या कुठल्याशा खऱ्या कॉलेजात शिकवत. तिथून का निघाले हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारायचं सोडलं नाही. आम्हां अकरा जणांना ते फुकट शिकवत. फुकट देणाऱ्याकडे मी दोनदा पाहतो. महिनाभर मी पाळत ठेवली, कोणाकडे जेवतात, कोणाची पत्रं येतात. काहीच निघालं नाही, तेव्हा संशय आणखी वाढला. भाषण ऐकताना ते बोलणाऱ्याकडे पाठ करून बसत. दहा गुणांपैकी तीन आवाजाचे, पाच मुद्द्यांचे आणि दोन वेळेवर थांबण्याचे. आमच्यातल्या एका मारवाडी कापडवाल्याने सत्यावर भाषण केलं, तेव्हा मास्तर पाठमोरेच म्हणाले, "शेठ, हात लांब करून कापड मापू नका, शब्द ताणले जातात." तो खरंच मापत होता. पाठीला डोळे असलेल्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा?

आणि उशिराचा कायदा. भिंतीवर खडूने लिहिलेलं असे: एक दिवस उशीर, एक गुण वजा, कारण ऐकलं जाणार नाही. एकजण पुरामुळे पलीकडे अडकला. त्याने तापीचं नाव सांगितलं, तर मास्तर म्हणाले, "ती मला विचारून येत नाही, मी तिला विचारून गुण देत नाही."

शेवटच्या भाषणात निदान पाच गुण मिळवणाऱ्यालाच वाचनालयाच्या समारंभात बोलायला मिळणार होतं, आणि सासरे तिथे पहिल्या रांगेत असणार होते. माझं भाषण सोमवारी होतं. यात्रेत एका घोडीचा सौदा लांबला आणि मी गुरुवारी पोचलो. घोडा कसा पारखावा यावर बोललो. जीभ एकदाही अडली नाही. संपल्यावर मास्तरांच्या शेजारी बसून मी सवयीने त्यांच्या हातावर रुमाल टाकला. ते दचकले, मग त्यांनी माझा पंजा दाबला आणि वर दोन बोटं. सात. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, आणि तिने माहेरी.

शनिवारी यादी लागली. माझ्या नावापुढे चार.

"मास्तर, रुमालखाले सात ठरनं व्हतं."

"हो. भाषण सातचंच होतं."

"मंग चार कसं?"

"तीन दिवस उशीर."

मी त्यांना समजावलं की आम्ही जनावराची खोड, वय, लंगडणं, सगळं आधी कापतो; बोटं दाबल्यावर काही कापत नाही, मग घोडा वाटेत मेला तरी. ते "हे मला माहीत नव्हतं," म्हणाले, पण यादी बदलली नाही. त्यांची मिशी हलली असं मला वाटलं. माहीत नव्हतं, तर पंजा इतका बरोबर कसा दाबला?

समारंभाला मी मागे सतरंजीवर बसलो. पहिलं भाषण मास्तरांचं. सुरतेकडची गाडी रखडली आणि ते पाव तास उशिरा आले. अध्यक्ष हात धरून वर बोलावत होते, पण मास्तर म्हणाले, "मला उशीर झाला, माझं भाषण बाद," आणि येऊन माझ्या शेजारी बसले. सासऱ्यांनी मान वळवली. "मास्तर बी मुका, चेला बी मुका. भलतं कॉलेज शे." माझ्या डोक्यात तिडीक गेली. तेवढ्यात मास्तरांनी आपलं उपरणं माझ्या हातावर टाकलं आणि खालून तीन बोटं दाबली. घट्ट.

उन्हाळ्यात ते गाव सोडून गेले. यादीत चारच राहिले. सासरेही आता नाहीत, तेव्हा सात मिळाले तरी दाखवायचे कोणाला हा प्रश्नच आहे. पण ती तीन बोटं होती कशाची? परत केलेल्या गुणांची, की नुसती माफी? मास्तर असतील तिथून त्यांनी याचा जबाब द्यावा. उशीर झाला तरी चालेल. मी काही कापणार नाही.