श्रमनिद्रेचे दिवस

मला काय झालं आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मला काहीही झालेलं नाही, हे मात्र सगळे सांगत होते. ऐंशी सालानंतरची ती पहिली काही वर्षं. आम्ही मुंबईची चाळ सोडून वाशीत नव्या इमारतीत राहायला आलो होतो. ह्यांची नोकरी रबाळ्याच्या एका कारखान्यात, मुलगी नुकती शाळेत जाऊ लागलेली, आणि घरी माझ्या सासूबाई. बार्शीकडच्या रीतीने मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. त्या पावसाळ्यात मला साधा ताप आला. चाळीत असे ताप मी पोळ्या लाटता लाटता अंगावर काढले होते. हाही गेला, पण माझ्यातलं सगळं बळ बरोबर घेऊन गेला.

आंघोळ केली की अर्धा तास पडून राहावं लागे. मुलीच्या वेण्या घालताना हात खांद्याच्या वर टिकत नसत; एक वेणी झाली की मी तिला म्हणे, “थांब हं जरा,” आणि ती पोर अर्धं डोकं मोकळं ठेवून मुकाट्याने बसून राही. सगळ्यात वाईट म्हणजे एखाद्या दिवशी बरं वाटलं म्हणून घर आवरलं, तर दुसऱ्या दिवशी उठून बसणंही अशक्य होई. आदल्या दिवशीची मी सगळ्यांनी पाहिलेली असे, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या मला कोण मानणार? डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला आणि म्हणाले, “बाई, सगळं नॉर्मल आहे. मन रमवा.” लोक नॉर्मल रिपोर्टवर पेढे वाटतात. मी मात्र घरी येऊन रडले. काहीतरी निघालं असतं तर निदान नाव तरी मिळालं असतं. पुढे टॉनिकच्या बाटल्या इतक्या साठल्या की भंगारवाला आमच्या जिन्याखाली मुद्दाम थांबू लागला.

खिडकीतून लांबवर खाडी आणि मिठागरं दिसत. आगरी बायका डोक्यावर पाट्या घेऊन तरातरा चालत जात, आणि मी त्यांच्या नुसत्या चालण्याकडे बघत राही. दागिन्यांचा हेवा मला कधी वाटला नाही, पण त्या पावलांचा वाटला. आणखी एक ओढ होती. आमची कुलदेवता तुळजापूरची भवानी. लग्नानंतर मला तिच्या पायांवर घालायला नेलं होतं, पण गर्दीच्या रेट्यात देवीचा मळवटसुद्धा धड दिसला नाही. पुन्हा येईन, निवांत बघेन, असं तेव्हा मनाशी म्हटलं होतं. पडल्या पडल्या मला तेच आठवे. आई, तुला एकदा नीट बघायचंय, आणि तूही मला एकदा नीट बघ. बरं कर, असं मागायचंही मी हळूहळू सोडलं होतं. हिचं खरं आहे एवढं कुणीतरी म्हणावं, त्यासाठी माझा जीव तुटत होता.

आत्याबाई दुष्ट नव्हत्या, हे आधीच सांगते. सात जणांचं घर त्यांनी एकटीने ओढलं होतं. दुखणं म्हणजे ताप, जखम नाहीतर बाळंतपण. उरलेलं सगळं त्यांच्या लेखी आळस. शेजारच्या काकूंना त्या म्हणत, “खायला उठती, कामाला निजती.” खरं तर मी खायलाही उठत नव्हते, पण म्हण जुळत होती म्हणून त्या म्हणत.

त्या वर्षी नवरात्रात घट बसले. आमच्याकडे मंगळवारी घरच्या सुनेने परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायचा. कितीही श्रीमंत असलात तरी त्या दिवशी देवीच्या नावाने हात पसरायचा, अशी रीत. मी पातळ नेसले, कवड्यांची माळ घातली, परडी घेतली आणि निघाले. इमारतीत सगळे नवीन. कोकणातले, गिरगावातले, साताऱ्याकडचे. दोन घरांतून पीठमीठ मिळालं आणि तिसऱ्या घराच्या आधीच जिन्यात माझे पाय गळाले. मी पायरीवर बसले ते बसलेच. वरच्या मजल्यावरची माणसं कामावरून येत होती, परडीला हात लावून नमस्कार करत होती आणि मला ओलांडून जात होती. शेवटी आत्याबाई आल्या. त्यांनी परडी उचलली आणि उरलेली घरं स्वतः केली. मला त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

बोलल्या त्या ह्यांच्याशी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, माझ्यादेखत. “आईच्या कामालाबी हिला उठवंना, म्हंजी आता हद्द झाली. मी तुळजापूरला जाऊन पदर पसरते. दिवाळीपतूर उभी ऱ्हायली तर ठीक, न्हाईतर हिला माहेरी कऱ्हाडला सोडून ये. पोरगी हितंच ऱ्हाईल, तिची शाळा हाय.”

हे खाली मान घालून बसले. मुलगी दारात उभी होती, एका वेणीवर. मी म्हटलं, “आत्याबाई, मलाही न्या. मीच मागते तिच्याकडे.”

“हितला जिना उतरवंना तुला,” त्या म्हणाल्या, “तिथल्या पायऱ्या कशा उतरशील? आन उतरलीस तर चढशील कशी?”

ते खरंच होतं. तुळजापूरला देवळात पायऱ्या उतरून जावं लागतं आणि येताना त्याच चढायच्या असतात. त्या पनवेलहून बार्शीची एसटी धरायला निघून गेल्या. पाठीमागे मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आई, त्या तुझ्याकडे माझी तक्रार घेऊन येताहेत, आणि माझ्या बाजूने बोलणारं तिथे कुणी नाही. तूच काय ते बघ, असं म्हणत होते. त्याहून मोठी प्रार्थना करायचं बळ नव्हतं.

आत्याबाई परत आल्या त्या दुपारी मी पलंगावर होते. जिन्यात त्यांची पावलं वाजली तशी मी सवयीने धडपडत उठले आणि हातात सूप घेतलं. निदान तांदूळ निवडत होते असं दिसावं. त्या आत आल्या, सूप माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, “पडून ऱ्हा.” मला वाटलं, आता कऱ्हाडची पिशवी भरायची. पण त्यांनी खिडकीचा पडदा ओढला, माझ्या अंगावर चादर घातली आणि उशाशी प्रसादाचं कुंकू ठेवलं. शेजारच्या काकू प्रसादाला डोकावल्या तर त्यांनाही दारातूनच, “हळू बोला, निजलीया ती,” असं म्हणून परत पाठवलं. काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार, पण पडदा ओढल्यावरच्या अंधारात मला दिसला नाही.

संध्याकाळी माझ्या पायाशी बसून त्यांनी सांगितलं. दसऱ्यानंतर भवानीमाता निजते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नऊ दिवस महिषासुराशी लढून ती थकते, म्हणून सिंहासनावरची मूर्ती उचलून पलंगावर निजवतात, ती थेट पौर्णिमेपर्यंत. त्याला श्रमनिद्रा म्हणतात. अशा दिवसांत कुणी तिच्याशी भांडायला जात नाही. पण रागाला तिथीवार कुठला? आत्याबाई तरातरा गेल्या आणि बघतात तर सिंहासन रिकामं.

“मग तितंच एक बाई भेटली,” त्या म्हणाल्या. “कोन, कुठली, मला ठावं न्हाई. मी तिला समदं सांगितलं, सून अशी हाय, डाक्टरला काय बी घावत न्हाई, नुसती निजती. तिनं ऐकून घेतलं आन पलंगाकडं हात केला. म्हनली, ‘मावशी, आईला कुठल्या डाक्टरानं तपासलंय वो? दमली म्हनली, निजवली. खरंच दमलीस का, असं कुनी इचारलंय का तिला?’”

आत्याबाईंनी पदराने डोळे पुसले. “आईम्होरं उभी ऱ्हाऊन मी तिच्याच निजन्याची तक्रार करत हुते गं पोरी. त्या बाईला कुंकू लावावं म्हनून वळले, तर न्हाई कुठं.”

ती बाई कोण, याचा शोध मी कधी घेतला नाही. देवळातल्या गर्दीत माणूस दिसेनासं होतं, त्यात नवल काही नाही. पण माझ्या बाजूने बोलायला तिथे कुणी नव्हतं आणि कुणीतरी बोललं, एवढं मला पुरलं. मी आत्याबाईंचा हात धरून पोटभर रडले, आणि त्या वर्षात पहिल्यांदाच दिवसाढवळ्या न घाबरता झोपले.

तरी मनात एक वेडी आशा होतीच. पौर्णिमेला देवी उठते, पुन्हा सिंहासनावर बसते; त्या दिवशी मीही उठेन. पौर्णिमेच्या सकाळी मी पाय खाली टाकले. ते तसेच होते, ओल्या वाळूत रुतल्यासारखे. आत्याबाई मुलीच्या वेण्या घालत होत्या, दोन्ही. माझ्याकडे बघून त्यांना काय ते समजलं. म्हणाल्या, “तिची तिथी ठरल्याली हाय, तुझी न्हाई. हुईल तवा ऊठ.” दिवाळी आली आणि गेली. कऱ्हाडचं नाव पुन्हा निघालं नाही.

पूर्ण बरी मी कधीच झाले नाही. काही वर्षांनी थोडं बळ आलं, तेही जपून वापरावं लागतं. या दुखण्याला आता नाव आहे म्हणतात, आणि ते खरं की मनाचे खेळ, यावर शिकलेली माणसं अजून वाद घालतात. घालू देत. माझ्या घरातला वाद एका दुपारी पडदा ओढून मिटला. शरण जायचं म्हणजे हात जोडून उभं राहायचं, असं मी समजत होते. उभंच राहता येत नसेल त्याने काय करायचं, हे मला आईने निजून दाखवलं.

तुळजापूरच्या पायऱ्या उतरणं अजून जमलेलं नाही. ओढ आहे तशीच आहे. आत्याबाई आता नाहीत. पण दरवर्षी दसरा झाला की मी त्यांच्यासारखाच खिडकीचा पडदा ओढते, स्वच्छ चादर घालते आणि भर दुपारी आडवी होते. कुणाचा फोन आला तर मुलगी दबक्या आवाजात सांगते, “आई निजलीय.” ते ऐकलं की मला तो पलंग दिसतो, आणि मी निवांत डोळे मिटते.