बावन्न पौंड

"आकडा गिऱ्हाइकाचा, हात माझा," असं गटिंगकाका एकदा म्हणाले होते. ऐकणाऱ्यांनी तो विनय समजला. तो कबुलीजबाब होता हे कळायला बरीच वर्षं जावी लागली.

टेनिसच्या रॅकेटला तारा ओढून देण्याला क्लबात गटिंग म्हणतात, आणि ते काम करणाऱ्याला दुसरं नाव उरत नाही. वयाने मोठे असलेले दातांचे डॉक्टरही त्यांना काकाच म्हणत. काकांची खोली कपडे बदलण्याच्या खोलीमागे, पाण्याच्या टाकीखाली होती. एक टेबल, एक स्टूल, खिळ्यांना टांगलेली तारांची भेंडोळी आणि एक खिडकी. खिडकीतून सरावाची भिंत दिसे. काही माणसं त्या भिंतीशी खेळूनही हरतात, असं काका म्हणत. म्हणताना हसत नसत.

त्याआधी ते वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात होते. तिथे ते एक गोष्ट शिकले. काटा कितीही बरोबर असो, माणूस वस्तू हातात घेऊन एकदा वरखाली करतोच, आणि विश्वास त्या हातावर ठेवतो. कारखाना बंद पडला. पुढे बायकोही गेली, तेव्हा मुलीने त्यांना आपल्याकडे आणलं, आणि ती जिथे खेळे त्या क्लबात त्यांना हे काम मिळालं. घरजावई सगळ्यांना ठाऊक असतो, हे घरसासरे, असं क्लबात कोणीतरी म्हणालं. काकांनी ते ऐकलं आणि त्या माणसाची रॅकेट ठरल्या वेळी तयार करून दिली. मुलीच्या घरी त्यांना पलंग होता, कपाटात कप्पा होता, जेवायला ठरलेली खुर्ची होती. आतून कडी लावता येईल असं दार मात्र एकच होतं, टाकीखालचं.

मशीन जुनी होती. एक लोखंडी दांडा आणि त्यावर सरकणारं वजन. दांड्यावर आकडे कोरलेले. वजन ज्या आकड्यावर बसवावं तेवढे पौंड ताण तारेला मिळे. ताण जास्त असला की चेंडू ताब्यात राहतो पण जोर आपला लावावा लागतो. कमी असला की चेंडू आपण होऊन पळतो, आणि कोपराला धक्काही कमी बसतो. शास्त्र एवढंच आहे. त्यावर माणसं आयुष्य काढतात.

एका वर्षी टाकी गळली. खोली सुटीत बंद होती आणि पाणी थेंब थेंब त्या दांड्यावर पडत राहिलं. काका परतले तेव्हा वजन बावन्नवर गंजून बसलं होतं. त्यांनी तेल घातलं, लाकडी हातोडीने ठोकलं, शिव्याही घातल्या असतील. ते हललं नाही. क्लबची स्पर्धा तोंडावर होती आणि टेबलावर रॅकेटींचा ढीग होता. काकांनी सगळ्या बावन्नवर ओढल्या, ज्याने जो आकडा मागितला होता त्याची चिठ्ठी त्याच्या रॅकेटला चिकटवली आणि स्टुलावर बसून तक्रारींची वाट पाहू लागले.

पहिले आले दातांचे डॉक्टर. ते एकोणपन्नास मागत. इतकं नेमकं एकोणपन्नास जन्मात हाताला लागलं नव्हतं, असं ते म्हणाले. मग वकीलसाहेब आले. ते क्लबचे अध्यक्ष आणि अठ्ठावन्नचे. आता कुठे तुमचा हात बसला, असं म्हणून त्यांनी काकांची पाठ थोपटली. तिसरा कोणी आलाच नाही.

त्यानंतर ते वजन सरकताना कोणी पाहिलं नाही.

काकांची चौकशी मात्र वाढली. चेंडू रेषेबाहेर जातो की जाळ्यात अडकतो? खांदा दुखतो की कोपर? हरायला लागलात की जोरात मारता की हळू? या शेवटच्या प्रश्नाला खरं उत्तर कोणी दिल्याचं ऐकिवात नाही. मग काका खिडकीतून भिंतीकडे बराच वेळ पाहत आणि म्हणत, दोन पौंड कमी करून बघू. माणूस हलका होऊन जाई. घरी त्याला इतकं कोणी विचारत नसे.

आकड्यांवरून क्लबात माणसांची प्रतही ठरत गेली. पंचावन्नच्या वरचे लोक एका बाकावर बसत. अठ्ठावन्नच्या माणसाने एकोणपन्नासच्या माणसाशी जरा सांभाळून घेत बोलायचं, असा एक अलिखित नियमच झाला होता. काका दोन्ही बाकांवरून सारख्याच रॅकेटी गोळा करून नेत.

जावई खेळायला लागला तो उशिरा. त्याची नोकरी पूल तपासण्याची. ज्या पुलावरून लोक निर्धास्त जातात त्याच्याखाली उभं राहून तो खांबावर हातोडी वाजवी आणि कान देई. माणूस वाईट नव्हता. अर्धवट काहीही त्याला सहन होत नसे, इतकंच. आपल्या अंगात जोर नाही हे त्याने मोजूनमापून मान्य केलं आणि कंट्रोलची रॅकेट आणली. पातळ काठाची, लहान तोंडाची, तारांची जाळी दाट असलेली. ती घेऊन तो सासऱ्याच्या खोलीत आला. उभ्या तारा पॉलिस्टरच्या, आडव्या मऊ आणि ताण चोपन्न, असं तो वाचून ठरवून आला होता.

काकांनी रॅकेट कानाजवळ धरून हलवली. पॉलिस्टर सोडा, म्हणाले, ती तार दांडग्या हाताची असते, तुमच्या हाताला ती शिक्षा होईल. जावयाने थोडा वाद घातला आणि तारेपुरतं ऐकलं. आकड्याचं ऐकेना.

"जावईबापू, दाट जाळीची रॅकेट म्हणजे मुळातच कमी बोलणारं माणूस," काका म्हणाले. "त्याला आणखी आवळलंत तर घरात नुसती भांडी वाजतील."

"चोपन्नच करा, बाबा. मला पद्धतशीर खाली यायचंय."

"या."

जावई पद्धतशीर खाली आला. चोपन्न झालं, मग पन्नास, मग अठ्ठेचाळीस. प्रत्येक वेळी तारा कापून नव्या ओढायच्या, ठरावीक दिवस खेळायचं आणि रात्री जेवताना निष्कर्ष सांगायचे. चोपन्नवर चेंडू सांगितलेलं ऐकतो, पन्नासवर वाद घालतो आणि अठ्ठेचाळीसवर घर सोडून जातो, असं त्याने सांगितलं. मुलीने कौतुकाने वडिलांकडे पाहिलं. काकांनी पाणी मागितलं.

इथवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं. मग जावयाला फोनमधलं एक ॲप सापडलं. तार छेडली की आवाजावरून ते ताण सांगे. अठ्ठेचाळीसची रॅकेट त्याने छेडली. ॲप म्हणालं, बावन्न. फोन बिघडला असेल म्हणून त्याने बायकोचा फोन घेतला. तोही तेच म्हणाला. त्याने मुद्दाम छप्पन्नवर तारा ओढून घेतल्या आणि गरम गरमच छेडल्या. बावन्न. दोन दिवस तो पुन्हा पुन्हा छेडून पाहत राहिला. तिसऱ्या दिवशी टाकीखालच्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं.

"बाबा, सगळ्या बावन्नच आहेत."

काका एका रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करत होते. "अठ्ठेचाळीसवर चेंडू उडतो, असं तुम्हीच म्हणालात ना?"

"म्हणालो."

"मग उडाला की नाही?"

"उडाला."

"झालं तर."

जावई वळला आणि दारापर्यंत गेला. पण तो पुलांखाली उभा राहिलेला माणूस. लोकांना ठाऊक हवं, असं पुटपुटून तो गेला. तरी गावभर करण्याचा त्याचा विचार नसावा. त्याने फक्त दातांच्या डॉक्टरांना सांगितलं, तेही ते स्पर्धेसाठी एकोणपन्नासचे एक्कावन्न करायला निघाले होते आणि त्याला ते बघवेना म्हणून. डॉक्टर दिवसभर माणसांची तोंडं उघडी ठेवतात. त्या दिवशी त्यांचं स्वतःचंही मिटलं नाही.

क्लबात फसवलं गेल्याचं दुःख त्या मानाने कमी होतं. आपण आणि तो समोरच्या बाकावरचा एकच, हे दुःख फार मोठं होतं. वकीलसाहेब दोन दिवस खेळायला आले नाहीत. मग त्यांनी समितीची सभा बोलावली. विषय एकच होता: गटिंगच्या खोलीचं काय करायचं. काकांना काढून खोलीत जुनी जाळी आणि खुर्च्या ठेवाव्यात, असं बहुतेकांच्या मनात होतं.

सभेच्या आदल्या दिवशी जेवताना मुलीने वडिलांपुढे ताट ठेवलं आणि समोर बसली. नवऱ्याशी ती दोन दिवस कामापुरतंच बोलत होती.

"बाबा, मशीन गंजून अडकलीय म्हणून सांगा. खोटं नाहीच आहे ते. तुमच्या तोंडून ऐकलं की विरघळतील सगळे. नवी मशीन आणतील, खोली राहील."

काका जेवत राहिले.

"निदान मान तरी हलवा. तेवढं पुरेल."

जावई खाली मान घालून म्हणाला की ते वजन त्यानेही हलवून पाहिलं होतं, ते खरंच हलत नाही, आणि सभेत कोणी विचारलं तर तो तसं सांगेल. मुलीने त्याला वाढलं. घरात एवढा समेट झाला.

सभा वरच्या हॉलमध्ये होती. वकीलसाहेबांना पुरावा सगळ्यांसमोर हवा होता. लांब टेबलावर सभासदांच्या रॅकेटी ओळीने मांडल्या होत्या. शेवटी जावयाच्या घरची पिशवी होती, कारण स्वतःच्या घरच्या वगळणं त्याला पक्षपात वाटला. काका भिंतीशी खुर्चीवर बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मुलगी सभासद म्हणून मागच्या रांगेत होती. तिच्या उजव्या कोपराला नेहमीचा पट्टा होता. मधल्या काळात तिचं कोपर इतकं दुखायचं की पाण्याची बादली उचलवत नसे. खेळ सोडा, असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग तिने हा पट्टा आणला आणि दुखणं गेलं. तेव्हापासून ती येईल त्याला तसला पट्टा घ्यायला सांगे.

जावई एकेक तार छेडत गेला आणि फोन पाहून आकडा सांगत गेला. तारा जितक्या जुन्या तितका ताण उतरलेला, पण नव्या ओढलेल्या सगळ्या बावन्न. वकीलसाहेबांची आली तेव्हा त्यांनी छताकडे पाहिलं.

मग जावयाने उभं राहून सांगितलं की वजन गंजून दांड्याला चिकटलं आहे, त्याने स्वतः पाहिलं आहे. सभेचा सूर उतरला. दातांचे डॉक्टर म्हणाले की टाकी गळत होती हे आपणच दुर्लक्षिलं. कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्या माणसाने सांगायचं तरी कोणाला? वकीलसाहेबांनाही हे सोयीचं होतं. फसवणुकीपेक्षा गंज बरा. त्यांनी काकांकडे वळून विचारलं, असंच ना काका?

काकांनी मान हलवली नाही, पण हलवली असं सगळ्यांनी धरून चाललं. नवी मशीन घ्यायची आणि काकांनीच ती चालवायची, असा ठराव तोंडी झालाही. मागच्या रांगेत मुलीने श्वास सोडला.

"एक राहिली," जावई म्हणाला.

पिशवीत एक रॅकेट उरली होती. ती त्याच्या बायकोची होती. तिच्या तारा याच आठवड्यात ओढलेल्या होत्या. सभा संपत आली होती, लोक खुर्च्या सरकवत होते आणि ती न मोजल्याने कोणाचं काही अडलं नसतं. त्याने तार छेडली. फोन पाहिला. पुन्हा छेडली.

"चव्वेचाळीस," तो म्हणाला. त्याला आकडा खालच्या आवाजात सांगता येत नसे.

खुर्च्या थांबल्या.

"मी पंचावन्न सांगितलं होतं," मुलगी म्हणाली. "दर वेळी पंचावन्नच सांगते." मग तिने डाव्या हाताने उजवं कोपर धरलं, पट्ट्यावरून.

वकीलसाहेब सावकाश म्हणाले, "म्हणजे वजन सरकतं."

अठ्ठावन्न, एकोणपन्नास, छप्पन्न, सगळे भिंतीशी बसलेल्या माणसाकडे पाहत होते. काही चेहऱ्यांवर राग होता आणि काहींवर नुसती विचारणा होती, जी त्यांनी त्या खोलीत कधी केली नव्हती. जावई फोन हातात धरून उभा होता; त्याच्या हाताला तर ते वजन हललं नव्हतं. आपण काय मोजलं ते त्याला आत्ता कळत होतं.

काका उठले. टेबलापाशी आले, मुलीची रॅकेट उचलली आणि नेहमीसारखा तळवा तारांवर दाबून पाहिला. एक तार किंचित तिरकी झाली होती, ती नखाने सरळ केली. रॅकेट मागच्या रांगेत मुलीच्या मांडीवर ठेवली, शर्टाची बाही खाली ओढली आणि बाहेर पडले.