सोमवारचा तांब्या

“तुमचा नवरा खाल्ला त्या गाडीनं. आता माझाबी देऊ व्हय तिला?” वर्षाराणीनं मळायला घेतलेलं पीठ परातीत तसंच टाकलं. “ह्यांचा हात बघा एकदा, अन् मग काय बोलायचं त्ये बोला.”

प्रभुलिंग उंबऱ्यावर बसला होता. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले होते आणि बायकोनं त्यावर मलम थापलं होतं. पिकअप चढावर उकळली, त्यानं घाईनं रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि आतलं पाणी हातावर उसळलं.

“तापल्या गाडीचं झाकण उघडू नये, एवढं त्याच्या बापानं शिकवलं हुतं,” शांतव्वा म्हणाली. “गाडीला कशापायी बोल?”

“बापच उघडाय लावतुया, म्हणत्यात लोकं. आत्ती, दुसरीकडं कुठं तापती का ती? मार्केट यार्डात न्हाय, हुपरीला न्हाय, कागलला न्हाय. मलकापूर सोडलं, चढ लागला अन् त्येच वळण आलं, की काटा वर. ह्याला काय म्हणायचं?”

“वर्षा, पुरे,” प्रभुलिंग म्हणाला. मग आईकडं न बघता बोलला, “आव्वा, गाडी इकणार मी. हुपरीचं गिऱ्हाईक हाय. रविवारी येतंय.”

शांतव्वानं लसूण सोलायचं थांबवलं नाही. फक्त एक सोललेली पाकळी टरफलांत पडली आणि टरफल वाटीत.

त्याच वळणावर तिचा नवरा गेला होता, दोन वर्षांमागं, दोन हजार एक सालच्या उन्हाळ्यात. भरमाप्पाची एक रीत होती. गाडी थांबली की आधी इंजिनाला पाणी, मग माणसाला. घरी आला तरी आधी बॉनेट उचलायचा, आणि शांतव्वा चहाची कपबशी धरून अंगणात उभी राहायची. चहावर साय यायची. ती कुरकुरायची आणि तो म्हणायचा, ती बोलत न्हाय म्हणून तिला आधी.

त्या दिवशी गुळाच्या ढेपा भरून बापलेक रत्नागिरीला निघाले होते. चढावर पंख्याचा पट्टा घसरला आणि इंजिन तापलं. भरमाप्पाच्या छातीत तेव्हाच कळ येत असणार, पण तो बोलला नाही. लेकाला सांगून त्यानं गाडी निववली, कॅनमधलं सगळं पाणी रेडिएटरमध्ये ओतायला लावलं, आणि मग रस्त्याकडेच्या दगडावर बसून म्हणाला, “प्रभू, घोटभर पाणी दे रे.” कॅन रिकामा होता. प्रभुलिंग खालच्या वस्तीकडं पळाला. कळशी घेऊन वर आला तेव्हा बाप दगडाला टेकून होता, डोळे गाडीकडं लागलेले.

हे त्यानं आईला एकदाच सांगितलं. तिनं त्याला बोल लावला नाही. पण माणूस तहानलेला गेला, हे तिच्या मनातून हललं नाही. मठाचे स्वामी म्हणाले, लिंगैक्य झालेला जीव मागं राहत नाही, आपल्या लिंगायतांत भूतखेत मानत नाहीत. तिनं मान हलवली. मग नवा पट्टा घालून गाडी दारात आली, आणि त्या सोमवारी पहाटे लिंगपूजा झाल्यावर शांतव्वानं तांब्यातल्या पाण्यात विभूतीची गट्टी उगाळली. पुरताना त्याच्या अंगाला विभूतीच फासली होती. साधं पाणी त्याच्यापर्यंत पोचायचं नाही असं तिला वाटलं. पाणी दुधासारखं झालं. तिनं बॉनेट उचललं, नवऱ्याला करताना हजारदा पाहिलं होतं तसं थंड झाकण फिरवलं आणि तांब्या आत रिकामा केला.

“नीर कुडीरी,” ती म्हणाली. पाणी प्या. संकेश्वराकडनं नवरी होऊन आली तेव्हा तिला मराठी येत नव्हतं. नवऱ्याशी ती शेवटपर्यंत कानडीतच बोलली. आता त्या भाषेत ज्याच्याशी बोलावं असं घरात कोणी नव्हतं.

तेव्हापासून दर सोमवारी. म्हातारी बॉनेटला विभूतीचे तीन पट्टे ओढते, एवढंच घरच्यांना ठाऊक होतं.

पुढं काही महिन्यांनी गाडी त्या वळणावर तापायला लागली. भरमाप्पा पाणी मागतोय, असं मार्केट यार्डातले हमालसुद्धा बोलू लागले. वर्षाराणीनं ग्रिलला लिंबू-मिरची बांधली. शांतव्वाला भीती वाटली नाही. मागतोय म्हणजे आहे. ती गट्टी जास्त वेळ उगाळू लागली. संध्याकाळी गाडी दारात येऊन थांबली की तापलेलं लोखंड निवताना टक टक वाजायचं. शांतव्वा पायरीवर बसून ते ऐकायची, मधेच हं म्हणायची. वर्षाराणी लेकीला उचलून आत न्यायची आणि दार ओढून घ्यायची.

आता तीच गाडी हुपरीला जाणार होती.

“रविवारच्या आत जोतीरामला दाखवू,” शांतव्वा म्हणाली. “त्येला दोष घावला न्हाय तर इक. मी त्वांड उघडणार न्हाय.”

“त्यानं पट्टा बदललाय, पंप बदललाय, आव्वा. आता काय ऱ्हायलंय बघायचं?”

“रेडिएटरची जाळी काढून धुतलीया का? तुजे अप्पा उन्हाळ्याच्या तोंडाला जाळी काढून धुऊन घ्यायचे.”

प्रभुलिंगनं नकारार्थी मान हलवली.

“मीबी येते संगं,” ती म्हणाली.

जोतीरामचं गॅरेज उद्यमनगरात होतं. भरमाप्पाच्या वयाचा माणूस, दोघांनी एका स्टोव्हवर चहा केलेला. त्यानं शांतव्वाला लाकडी पेटीवर बसवलं, गाडी थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढलं आणि इंजिन चालू करून पाण्याकडं बघत राहिला.

“बुडबुडं येत न्हाईत. म्हंजे इंजिनाचं हेड चांगलं हाय.” मग पट्टी ओढून ऑइल बघितलं. “ऑइलातबी पाणी न्हाय.” झाकण लावून त्यानं इंजिन चांगलं तापू दिलं, मग बंद केलं, आणि रेडिएटरच्या जाळीवर तळवा जरा जरा सरकवत नेला, आजारी पोराच्या अंगावरून फिरवावा तसा.

“हितं चटका बसतोय. हितंबी. अन् हितं... प्रभू, डावा हात लाव. मधला सगळा पट्टा गार हाय. पाणी फिरतच न्हाय हितनं.”

“मग सगळीकडं का तापत न्हाय? त्याच वळणावर का?”

“सपाटीला उरल्यासुरल्या जाळीवर भागतंय तिचं. माल घिऊन चढाला लागली की भागत न्हाय. मलकापुरातनं पाणी तापत तापत जातंय, अन् उकळाय जेवढा येळ लागतोय तेवढ्यात त्ये वळण येतंय. चढ अलीकडं आसता, तर अलीकडं उकळली आसती.”

प्रभुलिंगनं मोठा श्वास सोडला. शांतव्वा पेटीवर ताठ झाली.

जाळी खाली उतरवून जोतीरामनं तिची वरची टाकी उघडली. आतल्या नळ्यांची तोंडं पांढऱ्या चिखलानं बुजली होती. त्यानं थोडा बोटावर घेतला, चोळला.

“गंज तांबडा आस्तोय. ह्यो कसला? कुठल्या हिरीचं पाणी घालतोस रं?”

“नळाचं की.”

शांतव्वा उठून आली. वास तिला पेटीवरच आला होता, ओल्या राखेचा, पूजेच्या खोलीचा. तरी तिनं बोट लावून बघितलं.

“इभूती हाय,” ती म्हणाली. “मी घालतीया. सोमवारी.”

जोतीरामनं बोट फडक्याला पुसलं. “वैनी,” तो म्हणाला, “वरनं लावायची आस्ती की वो.” कोणी हसलं नाही. तोही नाही.

“कशाला, आव्वा?” प्रभुलिंगचा आवाज खाली आला होता.

“तहानलेले गेले.”

त्यानं भाजलेला हात दुसऱ्या हातात धरला. “मी पळालो हुतो,” तो म्हणाला. “पळता येतंय तेवढं पळालो.”

“मला ठावं हाय, बाळा.”

जोतीरामनं नळीनळीत सळई घातली, पाण्याचा जोर सोडला. पांढरं पाणी फरशीवरून वाहत गटारात गेलं, मग गढूळ, मग स्वच्छ. शांतव्वा ते शेवटपर्यंत बघत उभी होती. दोन वर्षं तिनं पाजलेलं सगळं तिच्या पायाशी वाहून गेलं. त्यांच्या पोटात काहीच गेलं नव्हतं.

शनिवारी गुळाच्या ढेपा भरून प्रभुलिंग मलकापूरच्या रस्त्याला लागला. शांतव्वा शेजारी बसली, मांडीवर तांब्या घेऊन. चढ सुरू झाल्यावर तिनं रस्त्याकडं बघायचं सोडून दिलं आणि काट्याकडं बघत राहिली. काटा निम्म्यावर होता. इंजिन कण्हत होतं, प्रभुलिंगनं गिअर खाली घेतला, काटा निम्म्यावरच. नीर कुडीरी, ती मनात म्हणाली. जरा तरी वर या. वळण आलं. दगड आला. तो नुसता दगड होता, त्यावर कुणीतरी धुतलेला टॉवेल वाळत घातला होता.

“थांबू का, आव्वा?”

“नको. चल फुडं.”

रविवारी सकाळी माल उतरवून परत आल्यावर घर हलकं झालं. वर्षाराणीनं लिंबू-मिरची काढून उकिरड्यावर टाकली आणि कितीतरी दिवसांनी नवऱ्याला थट्टेनं म्हणाली, “आत्तींनी इंजिनालाबी दीक्षा दिली हुती म्हणायची.” तिनंच पुढं काढलं की आता गाडी विकायला कशाला पाहिजे, इंजिन तर चांगलं निघालं, हुपरीच्या पावण्याला दुपारी येऊ नको म्हणून फोन करावा. प्रभुलिंग व्हय म्हणाला. लेक पहिल्यांदाच गाडीच्या टपावर चढून बसली आणि कोणी तिला खाली ओढलं नाही.

शांतव्वा पायरीवर बसली होती. इंजिन निवत होतं, टक टक वाजत होतं. ती ऐकत राहिली. लोखंड निवताना वाजतं तसं ते वाजत होतं, त्यात भरमाप्पा नव्हता. मग तेही थांबलं.

ती आत आली, रिकामा तांब्या घासून पालथा घातला आणि पाटावर बसली.

“मला एकच भाकरी वाढ, वर्षा,” ती म्हणाली. “अन् प्रभू, फोन करू नको. पावण्याला येऊ दे. गाडी इकायची हाय.”